औषधोपचारात आणि पर्यावरणरक्षणात कार्बन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोळसा, ग्राफाइट, हिरा, कार्बन फायबर, ग्राफीन (एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर) ही सगळी एकाच मूलद्रव्याची रूपं. विषबाधेच्या रुग्णाला पाजलं जाणारं काळं द्रावण, हृदयातली कृत्रिम झडप, नळाच्या पाण्याचा फिल्टर आणि शेतात मिसळलेला बायोचार (पिकांच्या अवशेषांचा कोळसा) या सगळ्यांत काम करणारा पदार्थ कार्बनच असतो. पण एका कामासाठी केलेला कार्बन दुसऱ्या कामाला चालत नाही. त्यातून गैरसमज होतात, आणि काही गैरसमज जिवावर बेतणारे आहेत. म्हणून काही उत्तरं मुद्दाम लांब लिहिली आहेत.

ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे शेवटी साधा कोळसाच ना?

सुरुवात कोळशापासूनच होते. नारळाची करवंटी, लाकूड किंवा खाणीतला दगडी कोळसा हवा लागू न देता तापवतात, म्हणजे त्यातले उडून जाणारे पदार्थ निघून जातात आणि कार्बन उरतो. खरी प्रक्रिया त्यानंतरची. हा कार्बन साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेच्या झोतात धरतात. वाफ कार्बनचा काही भाग खाऊन टाकते आणि आत असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार होतात. दुसरी पद्धत रसायनांची : कच्चा माल फॉस्फोरिक आम्लासारख्या रसायनात भिजवून त्याहून कमी तापमानाला भाजतात.

अशा कार्बनच्या एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. विषबाधेत प्रौढ माणसाला देतात त्या ५० ग्रॅमचा विचार करा. ग्रॅमला हजार चौरस मीटर धरले, तरी पेलाभर काळ्या द्रावणात बारा एकर जमीन पसरलेली असते. चुलीतल्या किंवा शेगडीतल्या कोळशात ही छिद्रं फारच कमी असतात, शिवाय राख आणि अर्धवट जळलेले अपायकारक पदार्थही असतात. त्यामुळे घरचा कोळसा कुटून औषध होत नाही.

इतक्या पृष्ठभागाचा उपयोग काय? विष आत मुरतं का?

मुरत नाही, पृष्ठभागावर चिकटतं. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. कार्बनचा पृष्ठभाग आणि विषाचा रेणू यांच्यात क्षीण आकर्षण असतं. छिद्र रेणूच्या मापाचं असेल तर रेणूला चारी बाजूंनी ओढ बसते आणि तो अडकून राहतो. कार्बनी, पाण्यात फारसे न विरघळणारे, मध्यम आकाराचे रेणू असे छान अडकतात. मीठ, आम्ल, धातूंचे साधे आयन आणि अल्कोहोलसारखे पाण्याशी सलगी असलेले छोटे रेणू हातातून निसटतात. कार्बन कुठे चालतो आणि कुठे नाही, याचा बराचसा उलगडा एवढ्यातच आहे.

आणखी एक गोष्ट : चिकटलेला रेणू नष्ट झालेला नसतो. परिस्थिती बदलली तर तो सुटूही शकतो.

घरात कोणी विषारी पदार्थ किंवा जास्त गोळ्या घेतल्या तर कोळशाची पावडर पाजावी का?

नाही. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा किंवा रुग्णाला थेट रुग्णालयात न्या. काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता घेतलं हे लिहून ठेवा आणि बाटली, पाकीट, गोळ्यांची पट्टी बरोबर घ्या. या माहितीवर डॉक्टरांचे पुढचे निर्णय ठरतात.

घरी कोळसा न देण्याचं कारण साधं पण गंभीर आहे. विषबाधेचा रुग्ण कधीही गुंगीत जाऊ शकतो, त्याला उलटी होऊ शकते. अशा वेळी ते काळं द्रावण श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांना भयंकर इजा होते. रुग्णालयातही रुग्ण शुद्धीवर नसेल तर आधी श्वासमार्ग नळी घालून सुरक्षित करतात, मगच कोळशाचा विचार होतो. घरी मीठ घालून पाणी पाजणं किंवा घशात बोटं घालून उलटी काढणं हेही करू नका.

रुग्णालयात मात्र औषधी कोळसा (ॲक्टिव्हेटेड कार्बन) प्रत्येक विषबाधेवर देतात का?

देत नाहीत, आणि डॉक्टरांनी कोळसा दिला नाही म्हणजे हयगय केली असं समजू नका. विष घेतल्यापासून साधारण पहिल्या तासाभरात दिला तर कोळशाचा सर्वांत जास्त उपयोग होतो. विष तोवर जठरात असतं. पुढे ते रक्तात उतरलं की पोटातला कोळसा त्याचा पाठलाग करू शकत नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या असतील तर ही मुदत थोडी वाढते. मात्रा प्रौढांना साधारण ५० ग्रॅम, लहान मुलांना वजनाच्या दर किलोला १ ग्रॅमच्या आसपास.

लोह, लिथियम, मिथेनॉल, अँटिफ्रीझमधलं इथिलीन ग्लायकॉल यांना कोळसा धरून ठेवत नाही. तीव्र आम्ल किंवा कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली प्यायला असेल तर कोळशाचा फायदा नसतोच, उलट दुर्बिणीने अन्ननलिका तपासताना सगळं काळं दिसतं. रॉकेल, पेट्रोल यांत खरा धोका ते फुप्फुसात जाण्याचा असतो, आणि कोळशामुळे उलटी झाली तर तो वाढतो.

काही औषधं मात्र रक्तात गेल्यावरही आतड्यात परत झिरपतात : कार्बामॅझेपीन, फिनोबार्बिटाल, थिओफायलिन, डॅप्सोन, क्विनीन. त्यांच्या बाबतीत काही तासांच्या अंतराने पुन्हापुन्हा कोळसा देऊन ती आतड्यातच अडवता येतात.

म्हणून सरसकट सर्वांना वारंवार कोळसा द्यावा का? हा प्रश्न श्रीलंकेत मोठ्या चाचणीने तपासला गेला. तिथे कीटकनाशकं आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया यांची विषबाधा होऊन येणारे रुग्ण खूप होते. साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले : सरसकट कोळसा दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. एखादा उपाय तर्काला पटतो म्हणून तो माणसाला वाचवतोच असं नाही, हे त्याने हजारो रुग्णांच्या पातळीवर दाखवून दिलं.

शरीर 'डिटॉक्स' करण्यासाठी काळं सरबत किंवा कोळशाच्या गोळ्या घ्याव्यात का?

घेऊ नयेत. निरोगी शरीरात ही सफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतात. कोळशाला विष आणि औषध यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तो तुमची नेहमीची औषधंही अडकवतो. फिट्सची गोळी, गर्भनिरोधक गोळी, हृदयाची औषधं यांचा परिणाम असा कमी झाला तर नुकसान मोठं आहे, आणि ते होत असताना जाणवतही नाही. बद्धकोष्ठता होते ती वेगळीच.

कोळशाच्या टूथपेस्टने वरवरचे डाग घासून निघतात, पण दाताचा मूळ रंग पालटत नाही. ती खरखरीत असेल तर रोजच्या घासण्याने दातांचं आवरण झिजतं, आणि गेलेलं आवरण पुन्हा येत नाही.

डायलिसिस केंद्रात पाण्यासाठी कार्बनच्या मोठ्या टाक्या असतात. त्या कशासाठी?

औषधोपचार आणि पाणीशुद्धी एकमेकांना इतक्या थेट भेटतात अशी दुसरी जागा मला माहीत नाही. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने साधारण १२० लिटर द्राव रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहतो. मध्ये असतो फक्त एक पातळ पडदा. आपण पितो त्या पाण्याला पोट आणि यकृत यांची गाळणी लागते. डायलिसिसच्या पाण्याला ती नसते.

नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन किंवा क्लोरामाइन टाकलेलं असतं. प्यायला ते सुरक्षित. पण क्लोरामाइन डायलिसिसच्या पडद्यातून रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. रिव्हर्स ऑस्मोसिसचा (आरओ) पडदा त्याला पुरेसा अडवत नाही, म्हणून त्याच्या आधी कार्बनच्या टाक्या बसवतात. इथे कार्बन नुसता धरून ठेवत नाही, क्लोरीनशी रासायनिक क्रिया करून त्याचं निरुपद्रवी क्लोराइड करतो. क्लोरामाइनशी ही क्रिया सावकाश होते, म्हणून पाणी कार्बनमध्ये पुरेसा वेळ राहावं लागतं. प्रचलित मानकांनुसार एकामागे एक दोन टाक्या, दोन्हींत मिळून किमान १० मिनिटं. पहिल्या टाकीतून बाहेर आलेल्या पाण्यातला एकूण क्लोरीन रुग्णांची प्रत्येक पाळी सुरू होण्याआधी मोजायचा आणि तो लिटरला ०.१ मिलीग्रामच्या आत असायला हवा. पहिली टाकी कमी पडली तर रुग्ण आणि धोका यांच्यात दुसरी उभी असते. तुमच्या घरचं कोणी डायलिसिसवर असेल तर ही तपासणी कधी होते आणि कुठे लिहिली जाते, हे केंद्रात जरूर विचारा. असं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

कृत्रिम झडप कार्बनची असते म्हणतात. रक्तात कार्बन घातक ठरत नाही का?

हा पायरोलिटिक कार्बन. त्याच्याकडून अपेक्षा अगदी उलटी असते : त्याला रक्तातलं काहीही चिकटू नये. मिथेन किंवा प्रोपेनसारखा वायू हजार अंशांहून जास्त तापमानाला विघटित करून ग्राफाइटच्या तुकड्यावर कार्बनचा दाट, काचेसारखा गुळगुळीत थर चढवतात. हे तंत्र मुळात अणुइंधनाच्या कणांवर आवरण चढवण्यासाठी विकसित झालं होतं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जॅक बोक्रॉस आणि शल्यविशारद व्हिन्सेंट गॉट यांच्या कामातून ते हृदयापर्यंत आलं. दोन पाकळ्यांची, आज सर्वपरिचित असलेली झडप १९७७ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली.

झडप वर्षाला साडेतीन-चार कोटी वेळा उघडझाप करते. इतकी झीज सोसून दशकानुदशकं टिकणारे आणि रक्तालाही चालणारे पदार्थ फार थोडे आहेत. तरीही गुठळी होण्याचा धोका पूर्ण जात नाही. यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिनसारखं औषध आयुष्यभर घ्यावं लागतं आणि नियमित आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) तपासावा लागतो. डॅबिगॅट्रानसारख्या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण यांत्रिक झडपेसाठी त्या चालत नाहीत. परस्पर बदल करू नका.

कार्बन फायबरचा रुग्णालयात काय उपयोग?

कार्बनचा अणुक्रमांक ६, टायटॅनियमचा २२, लोखंडाचा २६. क्ष-किरण हलक्या अणूंतून सहज पार होतात. म्हणून सीटी स्कॅन आणि रेडिएशनच्या यंत्रावर रुग्ण ज्या पाटावर झोपतो, तो बहुधा कार्बन फायबरचा असतो : वजन पेलतो आणि चित्रात आड येत नाही. मणक्यातली गाठ काढल्यावर आधारासाठी धातूऐवजी कार्बन फायबर मिसळलेल्या पॉलिमरचे स्क्रू आणि दांडे वापरले तर पुढची स्कॅन स्वच्छ येतात, गाठ परत येतेय का हे लवकर दिसतं आणि रेडिएशनची आखणी अधिक नेमकी होते.

कृत्रिम पायातही कार्बन फायबरने मोठा बदल घडवला. स्वतः एक पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स यांनी १९८०च्या दशकात स्प्रिंगसारखं वाकून उसळी देणारं पाऊल तयार केलं. धावपटूंची पाती त्याच वंशातली.

ग्राफीन, नॅनोट्यूब वगैरेंनी कर्करोग बरा होतो असं वाचलं. खरं आहे का?

आज तरी नाही. फुलरीन (कार्बनचे चेंडूसारखे पोकळ रेणू) १९८५ साली सापडलं, नॅनोट्यूबकडे (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) १९९१ नंतर जगाचं लक्ष गेलं, ग्राफीन २००४ मध्ये वेगळं केलं गेलं. फुलरीनला १९९६ चं आणि ग्राफीनला २०१० चं नोबेल मिळालं. औषध गाठीपर्यंत वाहून नेणं, प्रकाशाने तापवून पेशी मारणं यांवर प्रयोगशाळेत भरपूर काम झालं आहे. पण प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशी मारणं सोपं. माणसाच्या शरीरातून ते कण पुढे कुठे जातात आणि किती वर्षं राहतात, हा प्रश्न अवघड आहे.

सावधगिरीला ठोस कारण आहे. लांब, ताठ, अनेक थरांच्या नॅनोट्यूब उंदरांच्या पोटातल्या आवरणात ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, असं २००८ मध्ये दिसून आलं. पुढे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांतल्या एका प्रकाराला 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवलं. आखूड, गुंतलेल्या नळ्यांचं वागणं वेगळं असतं, त्यामुळे सगळ्या नॅनोकार्बनवर एकच शिक्का मारता येत नाही. जास्त काळजी हवी ती कारखान्यात आणि प्रयोगशाळेत ही कोरडी पूड हाताळणाऱ्यांची. त्यांच्या श्वासात ती जाणार नाही हे पाहणं ही मालकाची जबाबदारी आहे.

रोजच्या वापरात पोहोचलेलं काम बरंच साधं आहे. ग्लुकोमीटरच्या कित्येक पट्ट्यांमध्ये छापलेले कार्बनचे इलेक्ट्रोड असतात. दुर्बिणीने आतड्यातली गाठ दिसली की शस्त्रक्रियेसाठी ती जागा कार्बनच्या सूक्ष्म कणांच्या इंजेक्शनने काळी खूण करून ठेवतात.

घरच्या पाण्याच्या फिल्टरमधला कार्बन नेमकं काय काढतो?

क्लोरीन, वास, चव, कित्येक कीटकनाशकं आणि औद्योगिक सॉल्व्हंट हे तो चांगलं काढतो. क्षार, पाण्याचा जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड तो काढत नाही. म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) मीटरचा आकडा कार्बन फिल्टरनंतर जवळपास तोच राहतो आणि त्यावरून फिल्टर बिघडला असं ठरवू नये. फ्लोराइडसाठी हाडांचा कोळसा वापरतात खरा, पण त्यातलं काम मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट करतं. कार्बन त्यात दहाएक टक्केच असतो.

जंतूंच्या बाबतीत नीट लक्ष द्या. साधा कार्बन फिल्टर पाणी निर्जंतुक करत नाही. उलट तो क्लोरीन काढतो आणि त्यावर अडकलेले कार्बनी पदार्थ जीवाणूंना खाद्य ठरतात, त्यामुळे फिल्टरमध्येच जीवाणू वाढू शकतात. पाणी असुरक्षित असेल तर उकळणं किंवा दुसरी निर्जंतुकीकरणाची सोय हवीच. आणि कार्ट्रिज वेळेवर बदला. भरलेला कार्बन बाहेरून ताज्यासारखाच दिसतो, धार तशीच पडते, फक्त प्रदूषक सरळ पार होत असतात.

'कायमची रसायनं' म्हणतात ती पीफास (सहजी नष्ट न होणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) कार्बनने निघतात का?

कार्बन अणूंच्या लांब साखळीची, म्हणजे पीफोआ आणि पीफॉस यांसारखी, दाणेदार कार्बनवर बऱ्यापैकी अडकतात. छोट्या साखळीची लवकर निसटतात, त्यांच्यासाठी आयन-विनिमय रेझिन किंवा रिव्हर्स ऑस्मोसिस जास्त उपयोगी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पीफोआ आणि पीफॉससाठी पिण्याच्या पाण्यात प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रामची मर्यादा ठरवली. इतक्या बारीक पातळीवर कार्बन कधी बदलायचा हे चवीवरून कळणं अशक्य, ते पाणी तपासूनच ठरवावं लागतं.

एअर प्युरिफायरमधला कार्बन धूळ अडवतो का?

धूळ, धुराचे कण अडवण्याचं काम हेपा फिल्टरचं (अतिसूक्ष्म कण अडवणारी दाट गाळणी). कार्बन वास आणि रंगांतून, पॉलिशमधून येणाऱ्या वाफा धरतो, तेही पुरेसा कार्बन असेल तर. जाळीवर शिंपडल्यासारखी पूड असलेला फिल्टर लवकरच भरतो. दमट हवेत छिद्रं पाण्याच्या वाफेनेच अडतात. फॉर्मल्डिहाइडसारखा छोटा रेणू साध्या कार्बनवर टिकत नाही, त्यासाठी रसायन लावलेला कार्बन लागतो.

कार्बन मोनॉक्साइड कोणत्याही साध्या कार्बन फिल्टरने किंवा मास्कने अडत नाही. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू असेल तर प्युरिफायरच्या भरवशावर राहू नका. बाहेर पडा आणि दारं-खिडक्या उघडा.

कारखान्यांच्या धुरासाठीही कार्बन वापरतात?

हो. कोळशावरच्या वीजकेंद्रात धुराच्या मार्गात ब्रोमीन लावलेला बारीक कार्बन फवारतात. पारा त्यावर बसतो आणि पुढच्या कापडी गाळणीत अडकतो. कचरा जाळण्याच्या भट्टीत डायॉक्सिनसाठी (जळताना तयार होणारं विषारी रसायन) हीच युक्ती वापरतात. मात्र या कामात धुरातला पारा किंवा डायॉक्सिन राखेत उतरतो, त्यामुळे ती राख धोकादायक कचरा म्हणूनच हाताळावी लागते.

बायोचारने जमीन सुधारते आणि हवामानबदलही रोखला जातो, हे कितपत खरं?

दोन्ही दाव्यांत तथ्य आहे, दोन्हींना अटी आहेत. पिकांचे अवशेष कुजू दिले किंवा जाळले की त्यातला कार्बन लवकरच कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. तेच अवशेष हवा न लागू देता ३५० ते ७०० अंशांवर भाजले तर त्यातला बराच कार्बन स्थिर रूपात उरतो आणि मातीत शेकडो वर्षं टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या वस्त्यांच्या जागी सापडणारी काळी माती याची साक्ष आहे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०१८ च्या अहवालातही हवेतून कार्बन काढण्याच्या मार्गांमध्ये बायोचारचा समावेश आहे.

पिकाला फायदा कुठे होतो? आम्लधर्मी, झिजलेल्या, उष्ण प्रदेशातल्या जमिनीत तो जास्त दिसतो. बायोचार स्वतः अल्कधर्मी असतो. आधीच अल्कधर्मी किंवा सुपीक जमिनीत फरक थोडा पडतो, कधी नुकसानही होतं. ताजा बायोचार मातीतला नायट्रोजन काही काळ धरून ठेवू शकतो, म्हणून तो आधी कंपोस्टमध्ये मुरवून मग घालणं बरं. शेतभर टाकण्याआधी माती तपासा आणि छोट्या वाफ्यात करून पाहा.

रंगवलेलं लाकूड, प्लास्टिकमिश्रित कचरा किंवा कारखान्याचा गाळ यांचा बायोचार शेतात नको. जड धातू भट्टीत नाहीसे होत नाहीत, उलट मागे उरलेल्या कार्बनमध्ये त्यांचं प्रमाण वाढतं. शिवाय उघड्या खड्ड्यात धूर काढत केलेला बायोचार मिथेन आणि काजळी हवेत सोडतो. मग हवामानाचा हिशेबच बिघडतो.

वापरून झालेल्या कार्बनचं पुढे काय होतं?

जलशुद्धीकरण केंद्रातला दाणेदार कार्बन फेकून देत नाहीत. तो पुन्हा ८०० अंशांच्या वर भाजतात, अडकलेले पदार्थ सुटून जळतात आणि छिद्रं मोकळी होतात. दर खेपेला पाच-दहा टक्के कार्बन झडतो, तेवढा नवा घालतात. यामुळे नव्या कार्बनसाठी लागणारा कोळसा आणि ऊर्जा वाचते. पीफास अडकलेला कार्बन मात्र याहून जास्त तापमानाला आणि धूर नीट गाळणाऱ्या भट्टीतच भाजावा लागतो, नाहीतर पाण्यातलं प्रदूषण हवेत जातं.

घरचं कार्ट्रिज चुलीवर किंवा ओव्हनमध्ये तापवून 'ताजं' करण्याचे व्हिडिओ फिरतात. तसं करू नका. घरगुती तापमानाला छिद्रं मोकळी होत नाहीत आणि जे सुटतं ते स्वयंपाकघराच्या हवेत येतं. बदललेलं कार्ट्रिज उत्पादक परत घेतो का ते विचारा. घेत नसेल तर सुक्या कचऱ्यात द्या, आणि नव्यावर बसवल्याची तारीख लिहून ठेवा.